पट्ट्यावरच्या आक्का

‘छान’ हा शब्द उज्ज्वला आक्कांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. लकव्यातून उठलेला माणूस ट्रेडमिलवर पहिल्यांदा स्वतःच्या पायानं चार पावलं टाकायचा, बाकावर बसलेली त्याची बायको डोळ्यांना पदर लावायची, मलाही भरून यायचं, आणि आक्का त्याच्या पायाकडं बघत म्हणायच्या, “टाच आधी टेकली न्हाय. परत.”

बेळगावात, टिळकवाडीतल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचं फिजिओथेरपी सेंटर होतं. मी कॉलेज संपवून तिथं लागले आणि तिथंच राहिले. दर्शनी खोलीत बाकं, आत दोन पलंग, आणि जिथं पूर्वी मालकांची मोटार उभी असायची त्या लांबट खोलीत, बाकांवरून दिसेल अशी, ट्रेडमिल; आम्ही तिला पट्टाच म्हणायचो. तिच्यावर लोखंडी कमान, कमानीतून लोंबणारं पट्ट्यांचं जाकीट. पाय भार घेत नसेल तर माणसाला ते जाकीट घालायचं, वरून थोडं उचलायचं, म्हणजे निम्मं वजन कमान पेलते आणि पाय चालायला मोकळे होतात. बाजूला एक बुटकं स्टूल. त्यावर आमच्यापैकी एकीनं बसायचं आणि लुळा पाय हातानं धरून पुढं टाकायचा, मागं ओढायचा, पुन्हा पुढं. संध्याकाळी माझी कंबर धरायची. आक्का माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, पण त्यांची कंबर धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

निपाणीच्या पलीकडं त्यांचं माहेर. घर जैन शेतकऱ्याचं, रानात तंबाखू. सासरही त्याच पट्ट्यातलं. नवऱ्याला, जिनदत्त मगदूम यांना, सगळे अण्णा म्हणायचे. त्यांचा तंबाखूचा व्यापार निपाणीत, त्यामुळं ते आठवडाभर तिकडं असायचे आणि रविवारी इथं, अनगोळच्या घरी यायचे. मूलबाळ नव्हतं. सूर्य बुडायच्या आत जेवायचा नेम आक्कांनी सेंटरमध्येही सोडला नव्हता. हिवाळ्यात दिवस लहान झाला की पाच वाजताच डबा उघडायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून जेवायच्या. बसून जेवताना मी त्यांना कधी बघितलं नाही. एका हातात भाकरी, नजर रस्त्यावर. “ती निळ्या साडीतली बाई बघ, शुभा. उजवा गुडघा गेलाय तिचा, आन् डाव्यावर औषध लावत असंल.”

टिळकवाडीतल्या वकिलांशी त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, बैलहोंगलकडच्या माणसांशी कानडी. पण आमच्याशी, आणि रागावल्या की कुणाशीही, बोली निपाणीचीच. आमच्या भागातल्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. आक्काही तसंच बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

एका शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. थकवा. पेशंट म्हणाला, “मॅडम, दमलो,” की त्यांचं ठरलेलं उत्तर, “दमायलाच इथं आलायसा.” आणि पट्ट्याचा वेग बोटभर वाढवायच्या.

निपाणीजवळच्या एका खेड्यातले आप्पासाहेब खोत म्हणून शेतकरी होते. उजवी बाजू गेलेली, पण बोलणं शाबूत. पहिल्या दिवशी ते जाकीट बघून त्यांनी डाव्या हातानं लुळा उजवा हात ओढून कसेबसे हात जोडले. “आक्का, बैलाला नाल मारताना पाडून बांधत्यात, तसलं काय बी मला करू नगासा. मी मेलो तरी चालंल.”

आक्का पुढं आल्या. साडीचा पदर खोचला, स्वतः ते जाकीट अंगात घातलं आणि मला म्हणाल्या, “उचल.”

“आक्का, अहो...”

“उचल म्हणतोय न्हवं?”

मी कमानीची कळ फिरवली. आक्का जमिनीपासून वीतभर वर लोंबकळायला लागल्या. तशाच लोंबकळत त्यांनी आप्पांना विचारलं, “नाल मारला काय मला कुणी? का शिंगं फुटली?” बाकावरची माणसं हसायला लागली, आप्पाही हसले. हसताना त्यांचं एका बाजूचं तोंडच हललं. मग त्यांनी निमूट डावा हात वर केला.

आप्पांचा पाय यायला लागला. सुरुवातीला मी तो धरून टाकायची, मग नुसता हात लावून ठेवायची, मग हातही काढला. पट्ट्यावर त्यांची चाल दिवसागणिक सुधारत होती. पण उतरल्यावर त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. “साकु आक्का, साकु,” असं कानडीत म्हणत ते पुरे करा म्हणून विनवायचे, आणि आक्का म्हणायच्या, “अजून थोडं.” एका आठवड्यात ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. आक्कांनी फोन लावला. मी शेजारीच होते.

“आप्पा, पाय येत हुता तुमचा. आन् तुमी सोडून दिलासा?”

पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आक्कांचा आवाज मात्र चढला. “दमलो म्हंजे? तुमी आळशी हायसा आप्पा. हातातोंडाशी आलेलं घालवलंसा.” त्यांनी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. पेशंटनं सोडून जाणं हा त्यांना अपमान वाटायचा. आपला नव्हे, पायाचा.

त्यानंतर बराच काळ गेला. हिवाळ्यातली सकाळ होती. आक्का एका शिक्षकांना जाकीट घालत होत्या. मी आत पलंगाशी होते.

“शुभा, हिकडं ये.”

आवाज नेहमीचा होता. मी आले.

“हे बक्कल लाव. माझी बोटं ऐकंनात.”

मी बक्कल लावलं. त्या डाव्या हाताकडं बघत होत्या, दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तशा.

“माझ्या तोंडाकडं बघ. मी हसतो.” त्या हसल्या. उजवीकडून हसल्या, डावा गाल तसाच राहिला. “डावीकडचं आलं न्हाय न्हवं?”

“नाही आक्का.”

“रडू नको. घड्याळ बघून ध्यानात ठेव. दवाखान्यात पयलं हेच इचारतील. आन् गाडी बोलाव.” बोलता बोलता त्या पट्ट्याच्या कडेवर बसल्या. बसल्या म्हणजे डावा पाय खालून निघून गेला. शिक्षक कमानीच्या जाकिटात अडकून, घाबरून खाली बघत होते. आक्कांनी उजव्या हातानं त्यांच्याकडं बोट केलं. जीभ जड झाली होती, तरी मला कळलं. “ह्यांना आधी सोडव. टांगून ठेवू नको कुणाला.”

मेंदूत गुठळी अडकली होती. वेळेत पोचल्या म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. पण डावा हात खांद्यापासून लोंबत राहिला, डावा पाय लाकडासारखा ताठ झाला आणि पाऊल खाली झुकलं. जीभ हळूहळू सुटली, फक्त ‘ळ’ धड येईना. अनगोळ म्हणताना त्या अडखळायच्या आणि चिडायच्या. अण्णांनी निपाणीचा व्यापार धाकट्या भावाकडं सोपवला आणि ते बेळगावात येऊन राहिले. इतकी वर्षं रविवारचा पाहुणा असलेला हा माणूस आता बायकोची वेणी घालायला शिकत होता. घालायचा वाकडीच.

आक्का पहिल्यांदा पेशंट म्हणून सेंटरमध्ये आल्या तेव्हा बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. त्यांनी उजवा हात झटकला. “बसा. उभं ऱ्हायला काय झालंय? मी पेशंट हाय आज.” मग मला बाजूला घेतलं. “हे बघ शुभा. लोकांना आपण जे सांगतो, ते मला सांगायचं न्हाय. सुरुवातीला पाय लई येतोय, मग कमी येतोय, मग थांबतोय. मला सगळं ठावं हाय. मला खोटं बोललीस तर मी दुसरीकडं जाईन.”

“बरं.”

“आन् छान म्हणू नको.”

मी जाकिटाची बक्कलं लावली. ज्या बाईनं मला ती लावायला शिकवली, तिचे हात माझ्यासमोर वर झालेले होते. एक आपोआप, दुसरा मी वर धरलेला. मी स्टुलावर बसले, त्यांची पोटरी धरली आणि पट्टा सुरू केला.

समोर भिंतीवर आरसा होता. आक्का त्यात स्वतःला बघत आणि परक्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. “बघ, ही बाई कंबर उचलून पाय फेकतीया. गुडघा वाकवतच न्हाय. दाब तिचा गुडघा. जोरात. दुखू दे.” मी दाबायची. “दांडी सोडायला सांग तिला.” मग स्वतःच दांडी सोडायच्या, झोकांडी जायची, जाकीट सावरून धरायचं. “परत.”

इतका हट्टी पेशंट मी दुसरा बघितला नाही. ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालायच्या, रोज यायच्या, रविवारीही सेंटर उघडायला लावायच्या. पाय येत होता. जाकिटाचा आधार कमी केला, वेग वाढवला, एके दिवशी जाकीट काढलंच. पायात झुकणाऱ्या पावलाला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी आणि हातात काठी घेऊन त्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोलायची बंदी होती.

पण घरी काय चाललं होतं ते अण्णांनी मला एकदा व्हरांड्यात हळूच सांगितलं. “हितनं गेली की ती झोपतीया. जेवायला उठवायचं तर उठत न्हाय. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय तिला, म्हणून चार वाजता उठवून बसवतो. दोन घास खातीया आन् घास तोंडातच ठेवून बसतीया. चावायचाबी दम न्हाय. काल इचारलं, टीव्ही लावू काय, तर म्हणली आवाजानं दमायला हुतंय.” ते थांबले. “ही अशी न्हवती गं बाई.”

मी आक्कांना म्हटलं, एक दिवस आड येऊ या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला.

आणि मग ती दुपार आली. पट्ट्यावरून उतरून त्या बाकावर टेकल्या. अण्णांनी ताकाचा पेला पुढं केला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, त्या चांगल्या हातात, आणि पेला मांडीवर तसाच कलला. ताक साडीवर सांडलं. त्यांना ते कळलंही नाही. डोळे मिटलेले, तोंड उघडं. भर सेंटरमध्ये पाच-सहा पेशंट बघत असताना आक्का बसल्या जागी झोपून गेल्या होत्या. मी पडदा ओढला. अण्णा पेला धरून उभे राहिले.

त्या जाग्या झाल्यावर आम्ही त्यांना आतल्या पलंगावर निजवलं. मग म्हणाल्या, “शुभा, हा दम न्हाय गं. दम घेतला की जातोय. हे येगळं हाय. झोपून जात न्हाय, खाऊन जात न्हाय. आत कुणीतरी दिवा बारीक करून ठेवल्यागत वाटतंय. मी पाय हलवायला सांगतो न्हवं, ते सांगणंच दमतंय.”

मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “खोतांचे आप्पा हायेत काय अजून?”

“असतील. का?”

“फोन करून बघ.”

आप्पा होते. पुढच्या रविवारी अण्णांनी गाडी काढली, मी मागं बसले. निपाणीपर्यंतचा रस्ता आक्का झोपूनच होत्या. संकेश्वरला अण्णांनी चहासाठी थांबायचं विचारलं, तर डोळे न उघडताच मान हलवली.

खोतांचं घर गावाच्या कडेला. पुढं अंगण, अंगणात वाळत घातलेला तंबाखू, पलीकडं गोठा. आप्पा कट्ट्यावर बसले होते. आक्का गाडीतून उतरून काठी टेकत यायला लागल्या. आप्पांनी उठायचा प्रयत्न केला. “बसा, बसा,” आक्का म्हणाल्या. तेवढं अंगण ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. सगळं घर दारात येऊन उभं होतं.

कट्ट्यावर टेकल्यावर त्यांना धाप लागली होती. आप्पांनी ती शमू दिली. मग विचारलं, “तुमचा कंचा?”

“डावा.”

“माझा उजवा. दोघांचं मिळून एक धड माणूस हुतंय बघा.”

आक्का हसल्या. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली, आप्पांची डावी.

सुनेनं पाणी आणलं. आक्का म्हणाल्या, “आप्पा, मी तुमाला आळशी म्हणलो हुतो.”

“म्हणला हुतासा.”

“चुकलं माझं.”

आप्पांनी गोठ्याकडं बघितलं. घाई नव्हती त्यांना. “राग न्हवता आक्का. पर बघा, तुमच्याकडं यायचं म्हंजे अंधारात उठायचं, दोन यष्ट्या बदलायच्या. घरला आलो की दुसऱ्या दिवसभर आडवा. तिसऱ्या दिशी परत यष्टी. म्हंजे मी पट्ट्यासाठीच जगत हुतो. हितनं त्या गोठ्यापतोर जायला ताकद उरत न्हवती. म्हस हंबरायची, मी आत पडल्याला. मग म्हणलं, हाय ती ताकद म्हशीलाच घालावी.”

“आन् पाय?”

“तुमी चालवलासा तेवढाच चालतोय. पुढं गेला न्हाय. पर तुमी न्हवतासा, तर तेवढाबी न्हवता.” ते काठी घेऊन उठले. “बघा.”

अंगणातून गोठ्याकडं निघाले. पाय बाजूनं फिरवून टाकत होते, पावलाची बाहेरची कड घासत होती. आक्का पुढं वाकल्या. “टाच...” एवढं त्यांच्या तोंडून गेलं आणि त्या थांबल्या. आप्पा गोठ्यात पोचले. म्हशीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले, श्वास घेतला, कडब्याची पेंढी डाव्या हातानं तिच्यापुढं सरकवली. म्हैस खायला लागली. आक्का ते सगळं बघत होत्या, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्या पायाकडं बघत नाहीत, माणसाकडं बघताहेत.

परतीच्या वाटेवर त्या जाग्या होत्या. अण्णांना म्हणाल्या, “मला कशाला चालायचंय?”

अण्णा दचकले. “म्हंजे?”

“आप्पांना म्हशीपतोर जायाचं हुतं. मला कुठं जायाचंय?”

“मला इचारशील तर तू घरात बसून ऱ्हायलीस तरी चालतंय मला.”

“ते न्हवं इचारलं.”

बेळगाव जवळ आल्यावर त्या स्वतःशीच म्हणाल्या, “मला पट्ट्याच्या बाजूला उभं ऱ्हायाचंय. पट्ट्यावर न्हवं.”

त्यानंतर त्यांनी स्वतःचा व्यायाम निम्म्यावर आणला. आठवड्यातून दोनच दिवस, तेही थोडा वेळ, मधे बसून. मला भीती वाटत होती की आलेलं जाईल. गेलं नाही. उलट संध्याकाळी त्या जेवायला उठायला लागल्या. अण्णांनी मला सांगितलं, काल स्वतः डाळ फोडणीला घातली, एका हातानं. डाळ खारट झाली होती म्हणे.

काही महिन्यांनी आक्का सकाळी दोन तास सेंटरमध्ये यायला लागल्या, शिकवायला. खुर्ची पट्ट्याजवळ ठेवलेली असायची, पण त्या काठीवर उभ्या राहायच्या. आता नव्या पेशंटला त्या सगळ्यात आधी एकच विचारायच्या, “तुमाला चालून कुठं जायाचंय?” कुणी म्हणायचं देवळात, कुणी म्हणायचं बँकेत. एक म्हातारी म्हणाली, “संडासात. सुनेला हाक मारायला नको.” आक्का मला म्हणाल्या, “लिहू नको, ध्यानात ठेव. तिला तेवढंच शिकवायचं, बाकी ताकद वाचवायची.” मागच्या कोठीतलं सामान हलवून त्यांनी तिथं एक खाट टाकली. पट्ट्यावरून उतरलं की आधी तिथं पडायचं, मग घरी जायचं, हा नवा नियम. टिळकवाडीतले एक वकील भर दिवसा सगळ्यांसमोर आडवं व्हायला लाजायचे. आक्का त्यांना म्हणाल्या, “वकीलसाहेब, मी इथं भर दुपारी तोंड उघडं टाकून झोपले होते. आपण निदान पडद्याआड आहात.”

मला वाटलं, आता बसली घडी.

पावसाळा नुकताच सरला होता. एक पेशंट पट्ट्यावर होता, मी फोन घ्यायला बाहेर गेले होते. मोजून चार वाक्यं बोलले असेन. आतून धप्प आवाज आला. धावत गेले तर तो माणूस जाकिटात तिरका लोंबकळत होता, गुडघा पट्ट्यावर घासत होता, आणि आक्का त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी पट्टा बंद केला, त्याला सावरलं. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. तो बिचारा माझंच चुकलं, माझंच चुकलं म्हणत राहिला.

तो गेल्यावर आक्का खुर्चीत बसल्या.

“मी बघत हुतो,” त्या म्हणाल्या. “त्याचा गुडघा सुटणार ते मला आधीच कळलं. हात पुढं कर म्हणून मी सांगितलं सोताला. काठी सोडली असती तर मी पडलो असतो. म्हणून उभी ऱ्हायलो, बघत.”

“जाकीट होतं की आक्का. काही झालं नाही.”

“जाकीट हुतं.” त्यांनी मान हलवली. “पर ज्याला धरता येत न्हाय, त्यानं पट्ट्याजवळ उभं ऱ्हाऊ नये. एवढं मी तुला पयल्या दिवशी शिकवलं हुतं.”

मी खूप बोलले त्या दिवशी. तुम्ही नुसत्या बसा, तुम्ही नुसतं सांगा, धरायला आम्ही आहोत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. आक्का वाद घालत नाहीत हेच मला सहन होत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “बघितलं उभं राहून. झालं. आता तू बघ सगळं.” आणि अण्णांना गाडी आणायला सांगितलं.

शिकवायला त्या परत आल्या नाहीत. पण त्यांचे ते दोन दिवस चुकले नाहीत. बाकावर इतरांसारख्या बसायच्या, पाळी आली की पट्ट्यावर चढायच्या, हळू चालायच्या, उतरून खाटेवर पडायच्या. कुणाची चाल चुकत असली तरी बोलायच्या नाहीत. पाय आता पुढं जात नव्हता, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. एकदा मी त्यांच्या पायातली पट्टी सोडत असताना विचारलं, “आक्का, खरंच, कंटाळा नाही येत?”

“येतोय की. लई येतोय.”

“मग?”

“हाय ते जाऊ नये म्हणून येतो.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “घरातनं निघायचं, गाडीत बसायचं, तुझ्याशी दोन शब्द बोलायचं. तेबी चालण्यातच धर.”

पुढच्या वर्षी अण्णा त्यांना निपाणीला घेऊन गेले. भावाला व्यापार झेपत नव्हता, आणि अनगोळच्या घराला पायऱ्या होत्या. गणपतीच्या आसपास अण्णांचा फोन आला. आक्कांना झोपेतच दुसरा झटका आला होता. अण्णा सकाळी उठवायला गेले तेव्हा उशीर झाला होता. “ह्या टायमाला घड्याळ बघायला कुणी न्हवतं,” एवढंच ते म्हणाले. मी आणि आमच्याकडचे काही पेशंट गेलो. खोतांचे आप्पाही मुलाच्या गाडीवरून आले होते. भिंतीला टेकून बसले आणि तसेच उठून गेले.

पण मला आक्का आठवतात त्या निपाणीतल्या नाहीत. त्या बेळगाव सोडायच्या आदल्या आठवड्यातली सकाळ आहे. मी रिक्षानं कामाला निघाले होते आणि अनगोळच्या नाक्यावर रिक्षा अडकली. समोर कुणाचा तरी भाजीचा हातगाडा उलटला होता, रस्ताभर वांगी आणि टोमॅटो, लोक हॉर्न वाजवत होते. रस्त्याच्या कडेला आक्का आणि अण्णा. अण्णांच्या हातात पिशवी. आक्का काठीवर भार देऊन ती सगळी गडबड बघत होत्या, चेहरा ओढलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. इतक्या सकाळीच दमलेल्या दिसत होत्या.

मी रिक्षातून वाकून हाक मारली, “आक्का!”

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मी दिसले. चांगला हात एकच, आणि त्यात काठी. त्यांनी क्षणभर विचार केला. मग काठी अण्णांच्या हातात दिली, पाय थोडे फाकवले, डोलत्या अंगाला थांबू दिलं. अण्णांनी पिशवी खाली टाकून, काठी काखेत मारून दोन्ही हात त्यांच्या मागं धरले, पण स्पर्श केला नाही. आणि त्या गर्दीत, कशालाही न धरता उभं राहून, आक्कांनी उजवा हात वर केला.

रिक्षा सुटली. मी मागं वळून बघत राहिले. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत त्यांचा हात वरच होता.